बीचवुड पार्कचा क्लब : ऑखिनलेक टॅलबट, १९०९ पासून

स्कॉटलंडच्या नैर्ऋत्येला, एअरशायर परगण्यात, ऑखिनलेक हे चार हजारांच्या आतबाहेर वस्तीचे गाव आहे. एक लांबलचक मुख्य रस्ता, खाणकामगारांसाठी बांधलेल्या घरांच्या रांगा, चर्च, थोडी दुकाने आणि रेल्वेचे स्टेशन. या गावात १९०९ साली फुटबॉल क्लब निघाला. क्लब म्हटला की मैदान आले, आणि जमीन होती जहागीरदाराची. लॉर्ड टॅलबट दि मॅलहाइड यांनी बीचवुड पार्कची जागा दिली आणि क्लबने त्यांचे नाव लावून घेतले. जागा देणाऱ्याचे नाव पाटीवर घालायची रीत आपल्याकडच्या शाळा-वाचनालयांच्या विश्वस्तांना समजावून सांगायला नको. मात्र या लॉर्डसाहेबांचे मूळ घर ऑखिनलेकमध्ये नव्हते, स्कॉटलंडमध्येही नव्हते. ते आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या मॅलहाइडच्या किल्ल्यात. ऑखिनलेकशी त्यांचा संबंध सोयरिकीचा.

सोयरीक कुणाशी, तर बॉस्वेलांशी. डॉ. सॅम्युएल जॉन्सनचे चरित्र लिहिणारा जेम्स बॉस्वेल या गावचा. गावाबाहेरचा ऑखिनलेक हाउस हा वाडा त्याच्या न्यायाधीश वडिलांनी १७६० च्या सुमारास बांधला. हेब्रिडीज बेटांचा दौरा आटोपून जॉन्सन आणि बॉस्वेल १७७३ च्या नोव्हेंबरात तिथे मुक्कामाला आले. म्हातारबुवा कट्टर प्रेस्बिटेरियन आणि व्हिग, पाहुणे तितकेच कडवे टोरी. जुनी नाणी आणि पदके दाखवता दाखवता ऑलिव्हर क्रॉमवेलची छबी असलेले पदक निघाले आणि दोघांची जुंपली. ज्याला समोरच्याचा प्रत्येक शब्द टिपून ठेवायची खोड होती, त्या बॉस्वेलने या भांडणाचा तपशील मात्र द्यायचे टाळले. गावातल्या पहिल्या गाजलेल्या लढतीचा निकाल त्यामुळे कुणालाच ठाऊक नाही. पुढे बॉस्वेलची एक पणती टॅलबट घराण्यात दिली गेली आणि कालांतराने घराण्याचे कागद अबनूसच्या कपाटासकट मॅलहाइडला पोहोचले. १९२० च्या दशकात त्यातून बॉस्वेलच्या डायऱ्या बाहेर आल्या. राल्फ आयशॅम या अमेरिकन संग्राहकाने त्या विकत घेतल्या आणि अखेर त्या येल विद्यापीठात गेल्या. साहित्याच्या अभ्यासकाला टॅलबट म्हटले की ते कपाट आठवते. एअरशायरमध्ये टॅलबट म्हटले की काळा-पिवळा पोशाख.

पुढचा इतिहास समजायचा तर या क्लबाचा वर्ग कोणता, ते आधी सांगायला हवे. टॅलबट हा 'ज्युनियर' क्लब. पण ज्युनियर म्हणजे पोरांचा नव्हे. इथे खेळणारे बाप्ये, काही तर मुलाबाळांचे बाप. ग्लासगोत १८८६ साली स्कॉटिश ज्युनियर फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिचा पहिला कप गोव्हनच्या फेअरफिल्डने जिंकला. रेंजर्स, सेल्टिक, हार्ट्स, किल्मारनॉक हे 'सीनियर', आणि त्यांच्या खाली नव्हे तर शेजारी हा दुसरा संसार: स्वतःची संघटना, स्वतःच्या लीग, स्वतःचे नोंदणी अर्ज. खेळाडूंना थोडे मानधन मिळायचे, पोटापाण्याचा उद्योग वेगळा. सीनियर आणि ज्युनियर यांच्यामध्ये बढतीचा जिनाच नव्हता. टॅलबटने लीग किती का जिंकेना, वर जायची सोय नव्हती, आणि सीनियर संघ कितीही बुडाला तरी खाली यायची भीती नव्हती. ज्युनियर क्लबापुढे मग सर्वांत मोठे ध्येय एकच उरायचे, स्कॉटिश ज्युनियर कप. देशभरातल्या ज्युनियर क्लबांची बाद फेरीची ही स्पर्धा. चिठ्ठी टाकून जोड्या ठरायच्या. बरोबरी झाली की फेरसामना. खाणवस्तीतला संघ ॲबरडीनकडच्या कोळ्यांच्या गावी जायचा, तिथला संघ पुढच्या वर्षी इकडे यायचा.

टॅलबटचा जन्म झाला तेव्हा हा सारा टापू कोळशावर आणि लोखंडावर जगत होता. ऑखिनलेकमध्येच हायहाउसची खाण होती. गावाच्या पश्चिमेला बॅरनीचे खोदकाम चालू होते. शेजारच्या लुगारला लोखंडाचा कारखाना. दोनेक मैलांवरच्या कम्नॉकमध्ये खाणकामगारांचा पुढारी आणि मजूर पक्षाचा संस्थापक कीर हार्डी राहत होता. १९०७ साली तो हिंदुस्थानात येऊन गेला, इथल्या कारभारावर त्याने केलेल्या टीकेने लंडनची वर्तमानपत्रे खवळली, आणि त्या प्रवासावरचे त्याचे पुस्तक निघाले १९०९ मध्ये, म्हणजे टॅलबट निघाला त्याच साली.

प्रत्येक खाणीला वस्ती, प्रत्येक वस्तीला क्लब. लुगारच्या क्लबाचे नाव लुगार बॉस्वेल थिसल, म्हणजे सोयरिकीतल्या दोन्ही घराण्यांची नावे या परिसरातल्या क्लबांना मिळाली. क्रोनबेरीच्या क्लबाने जहागीरदाराऐवजी थेट मालक कंपनीचे नाव घेतले: क्रोनबेरी एग्लिंटन, एग्लिंटन आयर्न कंपनीवरून. लिव्हरपूलला मोठे करणारा बिल शँकली १९३१-३२ च्या हंगामात याच क्रोनबेरीकडून खेळला आणि तिथून कार्लाइलला गेला. त्याचे गाव ग्लेनबक, त्याच पट्ट्यात पूर्वेला. हजारभर वस्तीच्या त्या गावाने पन्नासच्या आसपास व्यावसायिक फुटबॉलपटू दिले. कम्नॉक ज्युनियर्स १९१२ चा, न्यू कम्नॉकचा ग्लेनॅफ्टन ॲथलेटिक १९३० चा. शनिवारी दुपारी पाळी सुटली की या टापूत कुठेतरी सामना असायचाच, आणि चांगला खेळाडू आपल्याच वस्तीच्या संघात खेळायचा. त्यामुळे गुणवत्ता भरपूर, पण डझनभर मैदानांवर विखुरलेली. टॅलबट त्यातला एक. पहिल्या चाळीस वर्षांत ज्युनियर कप त्याच्या वाट्याला आला नाही याचे नवल नाही.

तो आला १९४९ मध्ये. खाणींचे राष्ट्रीयीकरण होऊन दोन वर्षे झाली होती, कोळशाला मागणी होती, हातात पगार होता आणि युद्धानंतर लोकांना फुटबॉलची भूक लागली होती. ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर ६८ हजारांवर प्रेक्षकांसमोर टॅलबटने पीटर्सहिलला ३-२ ने हरवले. हा आकडा वाचून थबकायला होते, पण त्या काळी तो अपवाद नव्हता. दोनच वर्षांनी याच कपाच्या अंतिम सामन्याला ७७,६५० लोक आले आणि तो उच्चांक अजून मोडलेला नाही. ऑखिनलेकसारखी एकोणीसेक गावे त्या एका स्टेडियममध्ये बसली असती. टॅलबटच्या विजयानंतरच्या वर्षी, १९५० मध्ये, कम्नॉकचा संघ अंतिम फेरीत पोहोचला आणि ब्लँटायर व्हिक्टोरियाकडून हरला. ऑखिनलेकमध्ये त्या पराभवाचे दुःख कुणी केले असेल असे वाटत नाही. त्याच १९५० च्या सप्टेंबरात न्यू कम्नॉकची नॉकशिनॉक खाण खचली. ओला चिखल वरून आत घुसला, ११६ माणसे जिवंत निघाली, १३ गेली. असे काही घडले की टॅलबटवाले आणि कम्नॉकवाले हा भेद उरत नसे. बचावाला जाणारेही खाणकामगारच.

१९४९ नंतर सदतीस वर्षे कपाने ऑखिनलेककडे पाठ फिरवली. क्लब लीग खेळत राहिला, जिल्ह्याच्या छोट्या स्पर्धांत उतरत राहिला. गावाच्या बाहेर सांगावे असे या काळात थोडे आहे आणि ते इथे लांबवण्यात अर्थ नाही. गावात मात्र बरेच घडले. बॅरनीला १९५४ मध्ये नवा पोलादी मनोरा उभा राहिला, इंग्रजी 'ए'च्या आकाराचा, सुमारे १८० फूट उंच. १९६२ च्या नोव्हेंबरात तिथलीच एक विहीर कोसळली, चार कामगार मेले आणि खाण काही वर्षे बंद पडली. ती पुन्हा सुरू झाली खरी, पण आजूबाजूच्या लहान खाणी एकेक करून मिटत होत्या. क्रोनबेरी आणि ग्लेनबक ही गावे तर वस्ती म्हणूनच विरत चालली होती, त्यांचे क्लब आधीच गेले होते. ऑखिनलेकच्या हायहाउसला १९८३ मध्ये टाळे लागले. १९८४ च्या मार्चपासून वर्षभर खाणकामगारांचा देशव्यापी संप चालला आणि १९८५ च्या मार्चमध्ये काहीही पदरात न पडता मिटला. किलॉकची खाण १९८७ मध्ये बंद झाली, बॅरनी १९८९ मध्ये. मनोरा तेवढा जतन करून ठेवला आहे.

आणि नेमक्या याच वर्षांत टॅलबट कप जिंकू लागला. १९८६ मध्ये पोलॉकला ३-२ ने हरवून. १९८७ मध्ये एअरशायरच्याच किल्बर्नी लेडसाइडला फेरसामन्यात, १-० ने. १९८८ मध्ये जुन्या ओळखीच्या पीटर्सहिलला, पुन्हा १-० ने. लागोपाठ तीन वर्षे कप घरी न्यायची करामत ज्युनियर फुटबॉलमध्ये आधी कुणाला साधली नव्हती. १९८९ चा कपही याच मुलखात राहिला, पण तो गेला कम्नॉककडे. बॅरनी बंद पडली त्याच वर्षी शेजाऱ्यांकडे कप जावा, हे ऑखिनलेकला कसे झोंबले असेल याची कल्पना करता येते. १९९१ आणि १९९२ मध्ये टॅलबट पुन्हा विजेता. १९९२ च्या अंतिम सामन्यात समोर ग्लेनॅफ्टन होता, निकाल ४-०. ग्लेनॅफ्टनचा प्रशिक्षक होता ॲलन रफ, विश्वचषकात स्कॉटलंडचा गोलरक्षक राहिलेला माणूस. त्याने हार मानली नाही, १९९३ मध्ये न्यू कम्नॉकला कप मिळवून दिलाच.

म्हणजे १९८६ ते १९९३ या आठ वर्षांत सात वेळा ज्युनियर कप एकमेकांपासून काही मैलांवरच्या तीन गावांत राहिला. उरलेल्या एका वर्षी, १९९० मध्ये, तो फाइफमधल्या हिल ऑफ बीथला गेला. तेही खाणकामगारांचेच गाव.

याचा अर्थ कसा लावायचा? रोजगार गेला म्हणून गावाने सारी जिद्द मैदानात ओतली, हे उत्तर ऐकायला बरे वाटते आणि स्मरणिकेत खपूनही जाते. त्यात तथ्य नाही असे नाही. संपाच्या वर्षात सामुदायिक स्वयंपाकघरे चालवणारे हात आणि क्लबाची तिकीटबारी सांभाळणारे हात पुष्कळदा एकच असतात. वर्गणी गोळा करायची, याद्या करायच्या, न सांगता जबाबदारी घ्यायची ही सवय खाणीच्या युनियनने लावली होती. पण नुसत्या दुःखाने कप येत नाहीत, नाहीतर दुःखी गाव कोणते कमी होते? मला वाटते, मोठे कारण अधिक कोरडे आहे. लहान वस्त्यांचे क्लब मोडले आणि जे तीन-चार उरले त्यांच्याकडे सगळ्या टापूतले खेळाडू वळले. पूर्वी क्रोनबेरीचा मुलगा क्रोनबेरीकडून खेळायचा. आता क्रोनबेरीच नव्हते. पुढे घरोघर मोटारी आल्या आणि किल्मारनॉक, एअर, अगदी ग्लासगोकडचा खेळाडूही आठवड्यातून दोन संध्याकाळी सरावाला येऊ शकला. चांगला संघ बांधायला गावात जन्मलेली अकरा पोरे लागत नाहीत, अकरा चांगले खेळाडू बोलावून आणणारा आणि त्यांना टिकवणारा एक माणूस लागतो.

तो माणूस म्हणजे विली नॉक्स. १९८६ ते १९९२ मधले पाचही कप त्याच्या कारकिर्दीतले. ज्युनियर क्लबाच्या मॅनेजरला सीनियर मॅनेजरसारखे काही नसते. खेळाडू विकत घ्यायला पैसा नाही, सकाळचा सराव नाही. हाताशी असलेला खेळाडू दिवसभर कुठे नळ जोडून, कुठे सुतारकाम करून संध्याकाळी बूट बांधणार. त्याला पटवून द्यावे लागते की इतर क्लब थोडे जास्त देत असले तरी मेच्या अखेरीस अंतिम सामना इथेच मिळेल. एक-दोन कप आले की हे पटवणे सोपे होते, आणि मग चक्र आपोआप फिरू लागते. नॉक्सने ते पहिल्यांदा फिरवले.

क्लब चालतो कसा, हेही सांगितले पाहिजे. कार्यकारिणी सगळी बिनपगारी. अध्यक्ष, सचिव, खजिनदार ही पदे कागदावर. प्रत्यक्षात सचिवालाच सामन्याच्या सकाळी मैदान खेळण्याजोगे आहे का ते बघावे लागते, कारण एअरशायरचा पाऊस कुणाचे ऐकत नाही. उत्पन्नाच्या बाजू ठरलेल्या: फाटकावरचा गल्ला, मध्यंतराची सोडत, क्लबच्या बारमधली विक्री, स्थानिक दुकानदारांच्या जाहिराती, आणि मांसाची 'पाय' (सारण भरलेला भाजलेला पदार्थ) व बोव्हरिल विकणारी खिडकी. बोव्हरिल म्हणजे गरम पाण्यात कालवलेला मांसाचा अर्क. जानेवारीत बाजूच्या रेषेला दोन तास उभे राहायचे तर त्याला पर्याय नाही. बीचवुडवर छप्पर थोडे आणि उघडी जागा जास्त. प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यात एक कठडा. गोलरक्षकाला मागून काय काय ऐकवले जाते ते टीव्हीवर दाखवण्याजोगे नसते. खेळाडूला त्याच्या नावाने हाका मारणारे, चुकला तर त्याच नावाने शिव्या घालणारे, आणि सोमवारी दुकानात भेटणारे हे प्रेक्षक. बाहेरच्या मोठ्या क्लबांच्या कोषातल्या खेळाडूला हा अनुभव मिळत नाही. क्लबाला हे प्रेक्षक प्रेमाने नुसते 'द बॉट' म्हणतात.

कम्नॉकशी असलेले वैर हा तर स्वतंत्र विषय आहे. दोन गावे इतकी जवळ की लग्ने एकमेकांत होतात, शाळा-कचेऱ्या सामाईक, आणि सामन्याच्या दिवशी घरातल्या घरात बोलणे बंद. या लढतींना पोलीस बंदोबस्त लागलेला आहे आणि क्लबांच्या पदाधिकाऱ्यांना मान खाली घालावी लागेल असे प्रकारही घडलेले आहेत. स्मरणिकेत अशा गोष्टी 'चुरशीची परंपरा' म्हणून गोड करून लिहितात. तसे करण्याचे कारण नाही. पण ज्युनियर कपाच्या कुठल्याही फेरीत दोघांची चिठ्ठी एकत्र निघाली की फाटकावरचा गल्ला दोन्ही खजिनदारांना हंगामभर पुरतो, हेही खरे.

१९९२ नंतर चौदा वर्षे दुष्काळ. ज्युनियर फुटबॉल स्वतःच आकसत होते. प्रेक्षक टीव्हीवरच्या सामन्यांकडे वळले होते, हॅम्पडनवरचे साठ-सत्तर हजार लोक इतिहासजमा झाले होते आणि कपाला ओव्हीडी या रमच्या ब्रँडचे प्रायोजकत्व घ्यावे लागले होते. २००२ मध्ये प्रांतवार लीगची फेरमांडणी होऊन सुपरलीग आल्या. मग टॉमी स्लोनच्या हाती संघ आला आणि चक्र दुसऱ्यांदा फिरू लागले, या वेळी जास्त काळ. २००६, २००९, २०११, २०१३, २०१५. विषम वर्षी कप ऑखिनलेकलाच, असे लोक म्हणू लागले असतील तर त्यांना दोष देता येणार नाही. मध्येच २०१२ चा अंतिम सामना शॉट्स बॉन ॲकॉर्डने हिरावून नेला. पुढे २०१८, २०१९ आणि २०२२. एकूण चौदा. त्याच्या खालोखाल ज्यांचे कप आहेत त्यांच्या खात्यात पाच. पहिल्या सत्त्याहत्तर वर्षांत एक आणि पुढच्या छत्तीस वर्षांत तेरा, असा हा हिशेब आहे.

स्लोनच्या संघांतून वर गेलेल्यांपैकी क्रिस डूलनचे नाव घ्यायला हवे. २००९ मध्ये तो टॅलबटकडून पार्टिक थिसलला गेला आणि तिथे शंभराहून अधिक गोल केले. पण स्लोनच्या काळाची खरी ओळख वेगळी आहे. जे खेळाडू सीनियर क्लबाच्या राखीव बाकावर बसू शकले असते त्यातले कित्येक बीचवुडवर वर्षानुवर्षे राहिले. नोकरी सांभाळून खेळायचे, दरवर्षी कपाच्या शेवटच्या फेऱ्या खेळायच्या, ओळखीच्या लोकांसमोर. तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच्या सीनियर क्लबात जाऊन रिकाम्या स्टेडियममध्ये खेळण्यापेक्षा हे बरे, असा त्यांचा हिशेब.

सीनियर आणि ज्युनियर यांच्यातली भिंत २००७ मध्ये पहिल्यांदा किलकिली झाली. सुपरलीगच्या आणि ज्युनियर कपाच्या विजेत्यांना राष्ट्रीय स्कॉटिश कपमध्ये प्रवेश मिळू लागला. त्यातून टॅलबटची गाठ थेट हार्ट्सशी पडली. २०१२ च्या जानेवारीत एडिनबरोच्या टाइनकॅसलवर हार्ट्सला टॅलबटविरुद्ध जेमतेम एक गोल करता आला. त्याच हार्ट्सने चार महिन्यांनी त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हिब्सला ५-१ ने लोळवले. पराभवातही कॉलर ताठ करायला इतके पुरेसे आहे.

मग १९ जानेवारी २०१९. एअर युनायटेड हा परगण्याच्या मुख्य शहराचा क्लब, त्या हंगामात दुसऱ्या पायरीवरच्या चॅम्पियनशिपमध्ये वरच्या जागांसाठी झुंजणारा. तो बीचवुडवर आला. तिकिटे संपलेली, कठड्याला माणसांची दाटी, थंडीने मैदान जड. एअर जिंकणार हे गृहीत होते. प्रश्न किती गोलांनी, एवढाच. पहिला तास गेला तरी गोल नाही. पाहुण्यांची चिडचिड वाढू लागली आणि प्रत्येक थ्रो-इनला कठड्यामागून गलका. टॅलबटचा बचावपटू क्रेग मॅक्रॅकन पुढे आला आणि उत्तरार्धात त्याने सामन्यातला एकमेव गोल केला. १-०. शेवटच्या शिट्टीनंतर लोक मैदानात घुसले. पाचव्या फेरीत पुन्हा हार्ट्स आणि पुन्हा टाइनकॅसल. या वेळी ४-०, तक्रारीला जागा नाही. पण फुटबॉलमध्ये शेजारच्या मोठ्या शहराला हरवणे ही वेगळीच चव असते, आणि ती ऑखिनलेकला चार वर्षांनी दुरून पुन्हा आठवली असेल: २०२३ च्या जानेवारीत याच परगण्यातल्या डार्व्हेलने ॲबरडीनला स्कॉटिश कपमधून १-० ने बाहेर काढले. डार्व्हेल म्हणजे लेस विणणाऱ्यांचे गाव, पेनिसिलीनवाल्या अलेक्झांडर फ्लेमिंगचे जन्मस्थान जवळच. ॲबरडीनने १९८३ मध्ये युरोपियन कप विनर्स कप जिंकलेला. डार्व्हेलही मूळचा ज्युनियर.

'मूळचा' असे म्हणावे लागते, कारण तोवर ज्युनियर हा वेगळा संसार जवळजवळ मोडला होता. २०१८ मध्ये पूर्वेकडचे बरेच क्लब सीनियर उतरंडीत शिरले. २०२० मध्ये पश्चिमेकडच्या साठाहून अधिक क्लबांनी एकगठ्ठा तोच रस्ता धरला आणि वेस्ट ऑफ स्कॉटलंड फुटबॉल लीग उभी राहिली, देशाच्या उतरंडीत सहाव्या पायरीवर. टॅलबट, कम्नॉक, ग्लेनॅफ्टन सगळेच त्यात. ज्या जिन्याचा सव्वाशे वर्षे पत्ता नव्हता तो एका उन्हाळ्यात बांधला गेला, तोही कोविडच्या उन्हाळ्यात, मैदाने बंद असताना. २०१९-२० चा ज्युनियर कप अर्ध्यावरच सोडून द्यावा लागला होता.

कप मात्र मोडीत निघाला नाही. पश्चिमेकडच्या क्लबांनी ज्युनियर असोसिएशनचे सभासदत्व ठेवले, म्हणून तो आजही खेळला जातो. २०२२ च्या जानेवारीत हार्ट्सला पहिल्यांदा ऑखिनलेकला यावे लागले. प्रकाशझोत, बीबीसीचे कॅमेरे, लॉर्डसाहेबांनी दिलेल्या त्याच जमिनीवर प्रीमियरशिपचा संघ. हार्ट्सने ५-० ने निकाल लावला. त्याच हंगामाच्या अखेरीस टॅलबटने चौदावा ज्युनियर कप घरी आणला, आणि यातला कोणता सामना मोठा धरायचा यावर गावात एकमत होणे कठीण.

आता प्रश्न जिन्याचा आहे. सहावीवरून पाचवीत, म्हणजे लोलँड लीगमध्ये जायचे तर लीग जिंकावी लागते, राष्ट्रीय संघटनेचा परवाना लागतो, परवान्यासाठी मैदानाच्या सोयी लागतात आणि सोयींसाठी पैसा. गेल्यावर प्रवास वाढणार, सीमेवरच्या गावांपासून एडिनबरोच्या उपनगरांपर्यंत, आणि खेळाडूंना शनिवारी सकाळी लवकर निघावे लागणार. कार्यकारिणीतल्या काहींना ही वाट अटळ वाटत असणार, काहींना अनावश्यक. दोन्ही बाजूंना मुद्दे आहेत. तिकीटबारीवर बसणाऱ्याचा मुद्दा सर्वांत साधा: वर गेलो तर कम्नॉकशी वर्षातून दोनदा गाठ पडेल याची हमी कोण देणार?